ठाणे ते ऐरोली, एकच छोटा चार्जर: पाठीवरची बारीक अक्षरं कशी वाचायची?

मानपाडेकर (शनिवार, रात्री १०.१५)

नमस्कार मंडळी.

राहायला मानपाड्याला, ऑफिस ऐरोलीला. स्टेशनपर्यंत बस, पुढे ट्रान्स हार्बर. ऑफिसच्या लॅपटॉपचा चार्जर म्हणजे अर्ध्या विटेएवढा ठोकळा आणि त्याला दोन बाजूंनी वायर, शिवाय माझ्या सॅमसंगचा २५ वॅटचा वेगळा. हे सगळं रोज पाठीवर. घरी बायकोचा आयफोन १५, आईचा साधा अँड्रॉइड, आणि आईचाच वाचायला लागणारा चार्जिंगचा दिवा. पाचही वस्तूंना आता टाइप-सी आहे. मग एकच लहान चार्जर घ्यावा म्हणून आज गोखले रोडवर एका दुकानात गेलो.

दुकानदाराने दोन काढून समोर ठेवले. मी विचारलं, फरक काय? म्हणाला, "दोन्ही सेम, हा दोन वॅट जास्त." मी दोन्हींच्या पाठीचे फोटो काढून आणले. पांढऱ्यावर राखाडी अक्षरं, फोटो मोठा केल्याशिवाय एक आकडा लागत नव्हता. जे दिसलं ते असं:

पहिला, खोक्यावर ६५ वॅट, गॅन. दोन सी पोर्ट. इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ, १.५ अँपिअर. सी१: ५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट ३ अँपिअर, १२ व्होल्ट ३ अँपिअर, १५ व्होल्ट ३ अँपिअर, २० व्होल्ट ३.२५ अँपिअर. पीपीएस: ३.३-११ व्होल्ट ३ अँपिअर. सी१ आणि सी२ मिळून: ४५ वॅट + २० वॅट.

दुसरा, खोक्यावर ६७ वॅट. पोर्ट एकच, जुना चपटा. ५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट ३ अँपिअर, ११ व्होल्ट ६.१ अँपिअर.

लॅपटॉपच्या मूळ ठोकळ्यावर २० व्होल्ट ३.२५ अँपिअर लिहिलंय. कोणता घेऊ? आणि एवढा ताकदवान चार्जर आईच्या जुन्या फोनला लावला तर त्याची बॅटरी फुगणार नाही ना? ही भीती मनातून जात नाही.

---

सीवूड्सवाली

वाचते आहे. मलाही याच महिन्यात घ्यायचा आहे.

---

तांब्याची_तार (रविवार, सकाळी ८.०५)

मानपाडेकर, तुम्ही पाठ वाचलीत हे फार बरं केलंत. वागळे इस्टेटमध्ये पॉवर सप्लाय दुरुस्तीत माझी २२ वर्षं गेली. दुरुस्तीला येणाऱ्या दहा जणांतले नऊ जण खोक्यावरचा मोठा आकडाच सांगतात. तुमच्या पाठीच्या ओळींवरून सगळं सांगता येतं.

इनपुटची ओळ आधी बाजूला ठेवा. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. १००-२४० लिहिलेला कुठलाही चार्जर इथे चालतो. निवड आउटपुटच्या ओळींवर होते. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. २० गुणिले ३.२५ म्हणजे ६५. ११ गुणिले ६.१ म्हणजे ६७. दुकानदाराचा गुणाकार बरोबर आहे. पण तुमच्या लॅपटॉपला २० व्होल्ट लागतात आणि दुसऱ्या चार्जरकडे २० व्होल्टची ओळच नाही. त्या चपट्या पोर्टवरून लॅपटॉप चार्ज होणार नाही. वॅट दोनने जास्त आहेत, तरी तुमच्या कामाचा तो नव्हे.

आता आईच्या फोनची भीती. ती मनातून काढून टाका. चार्जर वीज ढकलत नाही, फोन ओढतो. खानावळीत दारावर फळा असतो, आज काय काय आहे ते त्यावर लिहिलेलं असतं. यूएसबी पीडीचा (पॉवर डिलिव्हरी, टाइप-सीवरून वीज देण्याची ठरलेली पद्धत) चार्जर तसाच फळा दाखवतो: ५ व्होल्ट आहे, ९ आहे, १५ आहे, २० आहे, प्रत्येकाला इतके अँपिअर. समोरची वस्तू त्यातून एक मागते. काही मागितलंच नाही तर ५ व्होल्टच मिळतात. आईचा फोन १० वॅट घेणारा असेल तर ६५ च्या चार्जरवरही १०च घेईल, आणि किती वेगाने भरायचं ते फोनच्या आतली चिप ठरवते.

यातली एक बारीक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. सी-टू-सी केबल नुसती चार्जरमध्ये खोचून ठेवली तर तिच्या दुसऱ्या टोकाला वीज नसते. आधी सीसी नावाच्या एका बारीक तारेवर चार्जर तपासतो की पलीकडे कोणी आहे का. आहे असं कळलं की ५ व्होल्ट सोडतो, मग फळा दाखवतो, मग वस्तू मागेल तो व्होल्टेज. हे सगळं काही क्षणांत होतं.

पीडीमध्ये ५, ९, १५, २० या ठरलेल्या पायऱ्या आहेत. १२ व्होल्ट काही चार्जर देतात, काही देत नाहीत, आणि त्याने तुमचं काही अडत नाही. २०२१ मध्ये पीडी ३.१ आलं, त्यात २८, ३६, ४८ व्होल्ट वाढले आणि मर्यादा १०० वरून २४० वॅटवर गेली. तुमच्या वस्तूंना त्याची गरज नाही, खोक्यावर तो आकडा दिसला म्हणून जास्त पैसे मोजू नका.

दुसरा चार्जर वाईट आहे असं मात्र मी म्हणणार नाही. ११ व्होल्टवर ६ अँपिअर ही फोन कंपन्यांची आपापली पद्धत. कोणी १० व्होल्ट ६.५ अँपिअर वापरतं, कोणी ११ वर. व्होल्ट कमी, अँपिअर जास्त. त्याच कंपनीचा फोन आणि त्याच कंपनीची जाड तारांची केबल असेल तर पाऊण तासात फोन भरतो. तुमच्या घरात त्या कंपनीचा एकही फोन नाही, म्हणजे तुमच्याकडे तो ९ व्होल्टच्या पुढे जाणारच नाही.

---

दिघा_लोकल

माझ्याकडे वनप्लस आहे. म्हणजे मी पहिला घेतला तर फोन हळू भरेल?

---

तांब्याची_तार

हो, मूळ चार्जरपेक्षा हळू. किती हळू ते मॉडेलवर आहे, नव्या फोनांत पीडीवरही बरा वेग मिळतो. रात्री लावून सकाळी काढायचा असेल तर फरक कळणारसुद्धा नाही. सकाळी अंघोळीला जाताना लावून निघताना काढायचा असेल तर मूळ चार्जरच ठेवा.

---

सई_ऐरोली (रविवार, दुपारी १२.३०)

मानपाडेकर, तुमचा फोन सॅमसंग आहे, म्हणून पीपीएसच्या ओळीकडे नीट बघा. पहिल्या चार्जरवर ती आहे, हे फार चांगलं.

नुसत्या पीडीवर फोनला ९ व्होल्ट मिळतात. बॅटरी असते ४ व्होल्टच्या आसपास. मधला फरक फोनच्या आत उतरवावा लागतो आणि त्याची उष्णता फोनमध्येच राहते. पीपीएस २०१७ मध्ये पीडीत आलं. त्यात फोन चार्जरला सांगत राहतो की आता इतकेच व्होल्ट दे, आता थोडे वाढव. एक पायरी २० मिलिव्होल्टची, म्हणजे व्होल्टचा पन्नासावा भाग. त्यामुळे फोनच्या आत उतरवाउतरवी कमी आणि फोन थंड. सॅमसंगच्या पडद्यावर 'सुपर फास्ट चार्जिंग' ही अक्षरं पीपीएस मिळालं तरच येतात. नाहीतर नुसतं 'फास्ट'.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, मोजून बघायची सवय आहे. केबलच्या मध्ये लावायचा एक छोटा मीटर मिळतो, त्यावर व्होल्ट-अँपिअर दिसतात. सॅमसंग लावला की आधी ५ दिसतात, दोन-तीन सेकंदांनी उडी मारून ८ च्या वर, आणि मग ८.४०, ८.४२, ८.४४ असा काटा सरकत राहतो. बॅटरी भरत जाते तसा तो वर चढतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चहा विसरून तिथेच बसले होते.

८० टक्क्यांच्या पुढे मात्र अँपिअर भराभर उतरतात. लिथियमची बॅटरी भरत आली की तिला हळूहळूच पाजावं लागतं. त्यामुळे 'माझा चार्जर शेवटी शेवटी मंदावतो' ही तक्रार चार्जरची नाही. ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॅट-तास. २५ वॅटने भागलं तर पाऊण तास यायला हवा, प्रत्यक्षात तासाच्या वर लागतो, तो या शेवटच्या टप्प्यामुळे.

आयफोन १५ ची चिंता नको. ॲपल स्वतः म्हणतं की २० वॅट किंवा त्याहून मोठा चार्जर असेल तर अर्ध्या तासात ५० टक्के. तो साध्या पीडीवर चालतो, ९ व्होल्टची ओळ पुरे.

---

खारघरची_टेकडी (रविवार, दुपारी ३.१०)

केबलचा विषय कोणीच काढला नाही म्हणून लिहितो. माझे तीन आठवडे यात गेले.

६५ वॅटचा चांगला चार्जर घेतला. लॅपटॉपवर रोज सूचना: कमी क्षमतेचा चार्जर जोडला आहे. चार्जर परत केला, दुसरा आणला, तीच सूचना. मग शेजारच्या मुलाने केबल बदलून बघायला सांगितलं. सूचना गेली.

कारण असं निघालं. साधी सी-टू-सी केबल ३ अँपिअरपर्यंतच. २० व्होल्टवर ३ अँपिअर म्हणजे ६० वॅट. ६५ ला ३.२५ अँपिअर लागतात, म्हणजे पाव अँपिअर जास्त, आणि तेवढ्यासाठी ५ अँपिअरची केबल हवी. अशा केबलच्या टोकात एक चिप असते, तिला ई-मार्कर म्हणतात. चार्जर आधी तिला विचारतो, तू ५ अँपिअर झेपवशील का? ती हो म्हणाली तरच ३ च्या वर जातो. चिप नसली तर फळ्यावर ३.२५ ऐवजी ३ लिहून दाखवतो. ५ वॅटचाच फरक, पण माझा लॅपटॉप तेवढ्यावरून अडला.

केबलच्या पाकिटावर १०० वॅट किंवा २४० वॅट लिहिलेलं असेल तर ती ५ अँपिअरची. ६० लिहिलं असेल तर ३ ची. काहीच लिहिलं नसेल तर ती लॅपटॉपसाठी घेऊ नका.

---

मानपाडेकर

बाप रे. माझ्याकडे ज्या तीन केबली आहेत त्यांतल्या एकीवरही काही लिहिलेलं नाही. यादीत केबल वाढली.

---

सीवूड्सवाली (रविवार, संध्याकाळी ६.४५)

गॅन म्हणजे नेमकं काय? दुकानात सगळे तो शब्द म्हणतात, सांगत कोणीच नाही. माझ्या बहिणीचा असा छोटा चार्जर हाताला चटका बसेल इतका तापतो. तिला दीड वर्षाचा मुलगा आहे, म्हणून काळजी वाटते.

---

तांब्याची_तार (रविवार, रात्री ९.००)

ताई, गॅन म्हणजे गॅलियम नायट्राइड. चार्जरच्या आत वीज चालू-बंद करणारा एक स्विच असतो. आधी तो सिलिकॉनचा असायचा, आता या पदार्थाचा.

आत काय होतं ते सांगतो. भिंतीतले २३० व्होल्ट आधी सरळ केले जातात, तेव्हा ते जवळपास ३२५ होतात. मग तो स्विच ही वीज सेकंदाला लाखभर वेळा तोडतो-जोडतो आणि ती एका छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे जाते. जितक्या वेगाने तोडाल तितका ट्रान्सफॉर्मर लहान चालतो. सिलिकॉनचा स्विच फार वेगाने चालवला तर स्वतःच तापतो. गॅन दर वेळी कमी वीज वाया घालवतो, म्हणून सेकंदाला कित्येक लाख वेळा चालवता येतो. म्हणून तुमच्या मुठीत मावणारा चार्जर ६५ वॅट देतो, आणि जुना ठोकळा तेवढेच वॅट द्यायला अर्धी वीट व्हायचा.

पण लहान झाला म्हणून उष्णता नाहीशी होत नाही. समजा ६५ वॅट द्यायचे आणि कार्यक्षमता ९० टक्के आहे. भिंतीतून ७२ घेतले, ७ वॅट आतच उष्णता झाले. ७ वॅटचा एलईडी बल्ब किती तापतो ते आठवा, आणि तेवढी उष्णता काड्यापेटीपेक्षा थोड्या मोठ्या डब्यात, हवेला एक भोक नाही. पूर्ण भार असताना तो गरम होणारच. हात ठेवून धरवत नाही इतकं गरम असणं लॅपटॉप जोडलेला असताना चालतं. नुसता फोन जोडून तसा तापत असेल तर वापरू नका. जळका वास, प्लास्टिक पिवळं पडणं, पिनेजवळ काळपट डाग, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी बाजूला काढा. उशीखाली, गादीच्या कडेला, कपड्यांच्या ढिगात चार्जर नको. बाळाच्या हाताला लागणार नाही अशा वरच्या सॉकेटला लावायला सांगा.

अजून एक. दोन महिन्यांपूर्वी रस्त्यावरून घेतलेला एक चार्जर माझ्याकडे आला. फोडून पाहिला. २३० व्होल्टची बाजू आणि फोनची बाजू यांच्यामध्ये चांगल्या चार्जरमध्ये काही मिलिमीटरची मोकळी जागा असते, पट्टीला मध्ये खाच कापलेली असते, ट्रान्सफॉर्मरवर पिवळ्या टेपचे तीन-तीन वेढे असतात. यात खाच नाही, दोन्ही बाजूंच्या रेषा एकमेकींपासून नखाएवढ्या अंतरावर, आणि जिथे फ्यूज असायला हवा तिथे नुसता तारेचा तुकडा. पावसाळ्यात त्या फटीत ओल आणि धूळ बसली तर भिंतीतली वीज थेट फोनच्या धातूच्या कडेवर येऊ शकते. असा चार्जर पाहिला की मला खरोखर भीती वाटते, कारण बाहेरून तो अगदी नवा, चकचकीत दिसत होता.

---

कोपरीकर (रविवार, रात्री १०.२०)

तारदादांनी आतली बाजू सांगितली, मी बाहेरची सांगतो. चार्जर फोडता येत नाही, पण नंबर तपासता येतो.

आपल्याकडे ॲडॉप्टरला भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. सक्तीच्या नोंदणीचा आदेश २०१२ चा, ॲडॉप्टर पुढे त्यात आले. चार्जरच्या पाठीवर मानकाचा क्रमांक आणि खाली 'आर-' पुढे आठ आकडे असतात. 'बीआयएस केअर' नावाचं सरकारी ॲप आहे, त्यात तो आर-क्रमांक टाका. कारखाना, वस्तू आणि नोंदणी चालू आहे की संपली हे लगेच दिसतं. नोंदणी कारखान्याच्या नावावर असते, त्यामुळे तुमच्या ब्रँडऐवजी भलतं नाव दिसलं तर घाबरू नका, ब्रँड आतल्या यादीत शोधा. पण नंबर सापडलाच नाही, किंवा चार्जरऐवजी दिव्याची नोंद निघाली, तर तो चार्जर परत करा. दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरी खूण, चौकोनात चौकोन. म्हणजे दुहेरी इन्सुलेशन, अर्थिंगची गरज नाही. दोन पिनांच्या चार्जरवर ती असलीच पाहिजे.

---

सई_ऐरोली

कोपरीकर काका, माझ्या लॅपटॉपची धातूची पाठ चार्जिंग चालू असताना हाताला झिणझिण्या आणते. बोट हलकेच फिरवलं की खरखरीत लागतं. चार्जर नोंदणीकृत आहे. हे धोक्याचं आहे का?

---

कोपरीकर

सईताई, दोन पिनांच्या चार्जरमध्ये हे बऱ्याच ठिकाणी होतं. विजेतला गोंगाट (नको असलेल्या लहरी) दाबण्यासाठी आत दोन्ही बाजूंना जोडणारा एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून अगदी किंचित वीज गळते. मायक्रोअँपिअरमधली. अर्थिंग नसल्यामुळे ती जमिनीत न जाता तुमच्या बोटाला कळते. चांगल्या चार्जरमध्ये ती ठरलेल्या मर्यादेत असते. चप्पल घालून किंवा तीन पिनांच्या चार्जरवर करून बघा, नाहीशी होईल. पण झिणझिण्यांऐवजी झटका बसला तर लगेच बटण बंद करा आणि तो चार्जर पुन्हा लावू नका.

---

दिघा_लोकल (सोमवार, सकाळी ७.५०, गाडीतून)

माझं मत थोडं वेगळं आहे. एकच चार्जर हा विचारच मला पटत नाही. मी तसं करून पाहिलं. शुक्रवारी ऑफिसात विसरलो आणि शनिवार-रविवार घरात लॅपटॉप बंद. शिवाय दोन पोर्टांच्या चार्जरची एक खोड आहे. लॅपटॉप चालू असताना दुसऱ्या पोर्टला फोन लावला की चार्जर दोघांनाही क्षणभर तोडतो आणि वाटणी नव्याने करतो. लॅपटॉपला बॅटरी आहे म्हणून तो निभावतो. मी दुसऱ्या पोर्टवर वायफायचा छोटा राउटर लावला होता. मी फोन लावला-काढला की राउटर बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा आणि मीटिंग तुटायची.

म्हणून म्हणतो, घरी एक ३० वॅटचा आणि बॅगेत एक ६५ चा.

---

सई_ऐरोली

राउटरचं अगदी बरोबर. बॅटरी नसलेली कुठलीही वस्तू वाटणीच्या चार्जरवर नको.

वाटणीबद्दल अजून थोडं. मानपाडेकरांच्या चार्जरवर ४५ + २० लिहिलंय, ही चांगली वाटणी. लॅपटॉपला २० व्होल्टवर सव्वादोन अँपिअर मिळतील, मेल-एक्सेल-मीटिंगला ते पुरतं. काही चार्जरांवर मात्र बारीक अक्षरांत 'एकत्र: ५ व्होल्ट ३ अँपिअर' असं असतं. म्हणजे दुसरी वायर लागली की दोघांत मिळून फक्त १५ वॅट आणि २० व्होल्ट गायब. लॅपटॉप तिथेच थांबतो. विकत घेण्याआधी एकत्रची ओळ वाचलीच पाहिजे.

दोन चार्जर घ्यावेत का, याबाबत मी मानपाडेकरांच्या बाजूने आहे. रोज गाडीत ज्याच्या पाठीवर ओझं असतं त्याला तो अर्धा किलो कळतो.

---

खारघरची_टेकडी

आकाराबद्दल एक. नुसतं वजन बघू नका, वजन कुठे लटकतं ते बघा. लांबट चार्जरचा भार पिनेपासून दूर जातो. जुन्या सॉकेटची पकड सैल असली की तो हळूहळू पुढे झुकतो आणि पीन अर्धवट बाहेर येऊन ठिणगी उडते. माझ्या वडिलांच्या घरी सॉकेटचं तोंड असंच काळं झालं. भिंतीला चिकटून बसणारा चपटा बरा. स्पाइक गार्डवर लावणार असाल तर शेजारचं भोक झाकलं जातं का तेही बघा. आणि बाहेरगावाहून कोणी चपट्या पिनांचा आणून दिला तर तो कन्व्हर्टर लावून रोज वापरू नका, दोन ठिकाणी सैल होतो. आपल्या गोल पिनांचाच घ्या.

---

सीवूड्सवाली

आमच्याकडे बाबा प्रत्येक चार्जरचं बटण बंद करत फिरतात, रिकामा चार्जर वीज खातो म्हणून. खरं आहे का?

---

तांब्याची_तार

खातो, पण अगदी थोडी. चांगला चार्जर रिकामा असताना ०.१ वॅटच्या आसपास. वर्षभर तसाच राहिला तरी एक युनिटही होत नाही. पण बाबांची सवय मोडू नका. पावसाळ्यात लाइट जाऊन येतात तेव्हा पहिल्या क्षणी व्होल्टेज उसळतं, आणि इतक्या छोट्या डब्यात ते झेलायला फारशी जागा नसते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत माझ्याकडे येणाऱ्या चार्जरांपैकी निम्म्यांत आतला व्हॅरिस्टर (व्होल्टेजची उसळी झेलणारा भाग) किंवा फ्यूज गेलेला असतो, नाहीतर व्हॅरिस्टर घातलेलाच नसतो. लाइट गेले की चार्जर काढा, आल्यावर पाच मिनिटांनी लावा.

---

मानपाडेकर (पुढचा शनिवार, रात्री ९.३०)

मंडळी, घेतला. पहिलाच. दुकानात उभा राहून आर-क्रमांक टाकला, नोंद निघाली, ब्रँडचं नाव यादीत होतं. दुकानदारही वाकून बघत होता, त्याने आपल्या फोनवर ॲप घेतलं. १०० वॅट लिहिलेली एक मीटरची केबल घेतली. सईताई, आज तुमच्यासारखा मीटर नाही, पण लॅपटॉपवर एकही सूचना आली नाही आणि सॅमसंगवर 'सुपर फास्ट' ही अक्षरं आली. दोन्ही एकत्र लावले तेव्हा फोनने 'टिंग' केलं, क्षणभर थांबला, पुन्हा सुरू झाला. दिघा_लोकल, तुम्ही लिहिलं होतंत म्हणून दचकलो नाही. आयफोनही नीट भरतो.

ऑफिसचा ठोकळा ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिला, म्हणजे विसरलो तरी तिथे अडणार नाही.

एक गोष्ट मात्र अडली. आईचा दिवा. नव्या चार्जरवर नव्या केबलने लावला तर त्याचा लाल ठिपका पेटतच नाही. पालथा करून लावला, दुसऱ्या पोर्टला लावला, काही नाही. जुन्या चपट्या पोर्टच्या चार्जरवर जुन्या केबलने लगेच पेटतो. आई म्हणते, दिव्याला तुझा चार्जर आवडला नाही. दिवा बिघडलाय का?

---

तांब्याची_तार (शनिवार, रात्री ९.५५)

दिवा ठीक आहे, चार्जरही ठीक आहे. पहिल्या प्रतिसादात लिहिलं होतं ना, पलीकडे कोणी आहे असं कळल्याशिवाय चार्जर वीज सोडत नाही? ते कळवण्यासाठी वस्तूच्या सी पोर्टमध्ये दोन छोटे रेझिस्टर लागतात, ५.१ किलोओहमचे. काही पैशांची वस्तू. स्वस्त दिवे, ट्रिमर, खेळणी बनवणारे तेवढेही वाचवतात. मग सी-टू-सी केबलवर चार्जरला वाटतं पलीकडे कोणीच नाही. जुन्या चपट्या पोर्टवर मात्र ५ व्होल्ट कायम असतात, तिथे विचारपूस नसते, म्हणून दिवा लगेच भरतो.

दिव्यासाठी जुना ५ व्होल्टचा चार्जर आणि चपट्या-ते-सी केबल वेगळी ठेवून द्या. पुढच्या वेळी अशी वस्तू घेताना दुकानातच सी-टू-सी केबलने लावून बघा.

आईंना सांगा, त्यांचं म्हणणं बरोबरच आहे, फक्त दिव्याला बोलता येत नाही. आणि दिव्यातली बॅटरी लहान असणार, रात्रभर लावून ठेवू नका. किती वेळात भरतो ते एकदा पाहून घ्या.

---

मानपाडेकर (रविवार, दुपारी १२.१०)

जुना चार्जर तिच्या पलंगाशेजारी, वरच्या सॉकेटला लावून दिला. आईने घड्याळ लावून पाहिलं. लाल ठिपका हिरवा व्हायला दोन तास दहा मिनिटं.